झाडलोटीला मान नसतो

माघाची थंडी होती. रात्रभर नदीकडनं वारं वाहिलं, पहाटे ते पडलं आणि काढणीला आलेल्या शाळूवर धुकं येऊन बसलं. बोरखडीच्या मारुतीपुढचा लिंब त्या धुक्यात अर्धाच दिसत होता. खाली बुंधा होता, वर झाड नव्हतं. त्या बुंध्याला वळसा घालत झुंबरबाई गुरवीण आंगण झाडत होती. अंगाभोवती घोंगडीचा फाटका तुकडा, कानावरनं पदर आणि हातात तुराट्यांचा खराटा. दवानं माती जड झाल्यामुळं धूळ उडत नव्हती. खराट्याचे फराटे मात्र एकाला एक लागून उमटत होते, पेरणीच्या तासांसारखे. झाडून झालं की ती त्यांच्यावरनंच चालत ओवरीकडं जायची. त्या झाडलेल्या मातीत दिवसातलं पहिलं पाऊल तिचंच पडायचं.

कर्जतकडच्या एका खेड्यातनं ती लग्न होऊन आली तेव्हा खराटा तिच्याहून उंच होता. सासूनं पहिल्याच पहाटे उठवून तो तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "देव उटायच्या आदी त्येचं आंगन झालं पायजे. मग तुजं तोंड धू." पुढं सासू गेली, दोन दुष्काळ येऊन गेले, एकुलती लेक काष्टीला दिली, तिलाही लेकरं झाली. खराटा झिजला की नवा बांधायचा, एवढाच काय तो झुंबरबाईच्या कामात बदल. देवळात येणाऱ्याला घंटा दिसते, घंटेखालची फरशी कोण बघतो? आंगण झाडलेलं नसेल त्याच दिवशी गावाला गुरविणीची आठवण व्हायची, आणि असा दिवस तिनं गावाला फारसा दाखवला नव्हता.

जीभ मात्र तिला होती. पाटलाच्या पोरानं देवळाच्या पायरीवर पान थुंकलं तर ती म्हणायची, "रंगपंचमी लई लवकर आली की वो यंदा." पोरगं खाली मान घालून निघून जायचं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थुंकायचं, ती गोष्ट वेगळी.

त्या पहाटे तिला नेहमीपेक्षा काम जास्त होतं. ओवरीत पेटी ठेवायची होती. स्वराज्य येऊन दीड वर्ष झालं होतं आणि बोरखडीत पहिल्यांदा ग्रामपंचायतीचं मतदान व्हायचं होतं. बाप्या असो, बाई असो, वयात आलेल्या प्रत्येकाला मत. तालुक्याच्या कचेरीतले कारकून यज्ञेश्वरपंत आदल्या दिवशी बैलगाडीतनं पेटी घेऊन आले होते. गावानं त्यांना सभामंडप दाखवला. पंतांनी आत डोकावून बघितलं, बाहेर रस्त्यालगतची ओवरी बघितली आणि म्हणाले, "पेटी इथं ओवरीत. महारवाड्यातल्या माणसालासुद्धा इथवर यायला अडचण नको." चार तोंडं वाकडी झाली, पण सरकारी माणसाशी कोण भांडणार. झुंबरबाईनं मग ओवरी दोनदा झाडली, शेणानं सारवली, आणि तिच्या नवऱ्यानं, गोरक्षनाथ गुरवानं, कोपऱ्यात दोरी ताणून कांबळं टांगलं. त्या कांबळ्याआड जाऊन चिठ्ठीवर शिक्का मारायचा आणि बाहेर येऊन चिठ्ठी पेटीत टाकायची.

सारवण वाळत होतं. झुंबरबाई उठली आणि तिचं लक्ष कोनाड्याकडं गेलं. कोनाड्यात दोन नारळ होते.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "ह्ये दोन नारळ अजून हितंच? मला वाटलं राती भुतानं नेलं असतील."

गोरक्षनाथ कांबळ्याची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधत होता. तिसऱ्यांदा बांधत होता. "भूत बी घ्यायचं न्हाई त्ये," तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यातनं वारा निसटायचा. समोरचे वरचे चार दात नव्हते.

बोरखडीत पाटलांच्या दोन पाती. थोरली पाती आणि धाकटी पाती, म्हणजे मूळ दोघा भावांची घराणी. थोरल्या पातीचे कर्ते आप्पासाहेब, धाकट्या पातीचे श्रीमंत पाटील. दोघं एकमेकांचे चुलत-चुलतभाऊ, दोघांच्या मिशा सारख्या, दोघांची नाकं सारखी, आणि पहिला मान कुणाचा यावर दोघांच्या आजोबांपासून भांडण. पोळ्याला वेशीतनं पहिली बैलजोडी कुणाची, शिलंगणाला पहिलं सोनं कुणी लुटायचं, होळीला पहिली पोळी कुणाची. थोरले म्हणायचे, आम्ही थोरले. धाकटे म्हणायचे, पाटीलकीची सनद आमच्या घरात. सनद कुणी बघितली नव्हती आणि थोरलेपणा कुणी मोजला नव्हता.

तीन वर्षांमागं होळी पेटली तेव्हा नैवेद्याचं ताट गोरक्षनाथाच्या हातात होतं. ताटात दोन पोळ्या. पहिली कुठली टाकायची म्हणून तो थांबला. तो थांबला तेवढ्यात दोन्हीकडनं काठ्या उठल्या, आणि त्यातली एक कुणाला लागायची ती त्याच्या तोंडावर बसली. काठी कुणाची होती ते आजवर ठरलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही वाड्यांवरनं हळद आणि तूप आलं, म्हणजे दोघांनाही वाटत होतं की आपली असेल. तोंड बरं झालं, दात काही आले नाहीत.

आणि गोरक्षनाथ सनई वाजवणारा गुरव होता. नुसता वाजवणारा नव्हे. श्रीगोंद्यापर्यंतच्या लग्नांत त्याला बोलावणं यायचं. दात गेले आणि सनईची पत्ती ओठांत धरवेना. फुंकलं की वारा शेजारनं जायचा. आता लग्नसराईत काष्टीचे सनईवाले येतात आणि हा त्यांच्या मागं बसून संबळ वाजवतो. झुंबरबाईनं सनई धडप्यात गुंडाळून ओवरीच्या आढ्याला बांधून ठेवली. एकदा त्यानं ती काढायला हात वर केला तेव्हा ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. उंदरं तिकडं जात न्हाईत." एवढंच. पण त्या रात्री ती जेवली नाही.

त्या होळीनंतर गावानं तोडगा काढला. होळ्या दोन पेटायला लागल्या, एक वेशीत, एक चावडीपुढं. पोळा थोरल्यांचा अमावस्येला आणि धाकट्यांचा दुसऱ्या दिवशी. सगळं दोन-दोन झालं आणि गाव सुखी झालं. पेटी मात्र सरकारनं एकच पाठवली होती.

आदल्या दिवशी दुपारी थोरल्या वाड्यावरनं गडी नारळ घेऊन आला. म्हणाला, "आप्पासायबांनी सांगितलंय, उद्या पेटीपुडं नारळ फोडून पैला टिळा आमाला. मग चिठ्ठ्या." अर्ध्या घटकेनं धाकट्या वाड्यावरचा गडी आला. नारळ तेवढाच मोठा, निरोप तोच. देवाला आलेला नारळ परत करता येत नाही. गोरक्षनाथानं दोन्ही कोनाड्यात ठेवले आणि तेव्हापासनं तो कशाला ना कशाला गाठी मारत बसला होता.

"मी आजारी पडतो," तो आता म्हणाला.

"पडा. मग घरात येऊन इचारतील, अंथरुनावर."

"मग काय करू? ह्येला लावला टिळा तर त्यो, त्येला लावला तर ह्यो." त्यानं नकळत तोंडावर हात ठेवला. "आता खालचं दात ऱ्हायल्यात. भाकर तरी चावतो."

नवऱ्याचा तो तोंडावर गेलेला हात झुंबरबाईनं बघितला आणि केरसुणी उचलून ती सभामंडपात गेली.

दिवस कासराभर वर आला तसं धुकं विरलं आणि सगळं गाव लिंबाखाली जमलं. थोरली पाती लिंबाच्या उगवतीला, धाकटी मावळतीला. आप्पासाहेबांनी जरीचा पटका बांधला होता, श्रीमंत पाटलांनीही बांधला होता. कडेला बलुतेदार उकिडवे बसले होते. रस्त्यापलीकडं महारवाड्यातली माणसं उभी होती आणि त्यांच्या पुढं पलटणीतनं पेन्शनीवर आलेला सटवा, खाकी कोट घालून. बायका देवळाच्या भिंतीच्या आडोशाला. थोरल्या पातीच्या म्हाताऱ्या अंबिकाबाई, म्हणजे आप्पासाहेबांची आई, त्यांना तर पाटावर बसवून आणलं होतं.

यज्ञेश्वरपंतांनी पेटी उघडून सगळ्यांना रिकामी दाखवली, कुलूप लावलं, लाख लावली आणि हात जोडून म्हणाले, "या मंडळी. मतदान सुरू झालं. कोण येतंय?"

कुणी आलं नाही.

पंतांना वाटलं, लाजतायत. खेडेगाव आहे, पहिलीच वेळ. त्यांनी चिठ्ठी कशी घ्यायची, शिक्का कुठं मारायचा, नांगराची खूण कुणाची आणि दिव्याची कुणाची, ते पुन्हा समजावलं. गावानं माना हलवल्या. सगळ्यांना सगळं समजलं होतं. जागचं मात्र कुणी हललं नाही.

"अहो, या की. आसाराम, तुम्ही या."

आसाराम परीट पुढंच बसला होता. त्यानं आधी एका पटक्याकडं बघितलं, मग दुसऱ्या पटक्याकडं. "येतो की सायेब. गडबड काय हाय. आदी मानाचं हू द्या."

"मानाचं काय?"

"पैला मान."

पंतांनी सांगितलं की यात मानबिन काही नसतो, ज्याचा नंबर त्यानं यावं, सगळ्यांचं मत सारखं. लोकांनी तेही ऐकून घेतलं, किर्तनातलं ऐकावं तसं. मग श्रीमंत पाटील खाकरले. "सायेब, तुमचं बरूबर हाय. पन गावाची रीत हाय. आमच्या पातीतनं सुरुवात हू द्या, आमी कुनाला आडवत न्हाई."

"ती व्हायची न्हाई," आप्पासाहेब पलीकडनं म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवायची गरजही नव्हती. त्यांच्या मागं उभे असलेल्यांनी काठ्या एका हातातनं दुसऱ्या हातात घेतल्या.

"मग दोन पेट्या द्या की," मागनं कुणीतरी सुचवलं. "होळीचं केलंय तसं."

"एकच दिलीय मला," पंत म्हणाले. "आणि संध्याकाळी ती रिकामी नेली तर मी मामलेदारांना काय तोंड दाखवू?"

"तोंडाचं काय," आसाराम हळूच पुटपुटला. "गोरखला इचारा. एक तोंड मधी आलं की भागतं."

दोन-चार जण हसले. गोरक्षनाथ हसला नाही. दुपारचा शाळू काढायचा राहिला, बायकांच्या चुली राहिल्या, ऊन लिंबाखालनं सरकत चाललं होतं आणि पेटी रिकामीच होती. मग जे व्हायचं तेच झालं. आप्पासाहेब म्हणाले, "गुरव हाय की. त्येला ठावं हाय मान कुनाचा. गोरख, आन ताट." आणि श्रीमंत पाटील म्हणाले, "व्हय. गुरवालाच इचारा. त्यो सांगंल ते मान्य."

सांगेल ते मान्य. हळद-कुंकवाचं ताट घेऊन गोरक्षनाथ ओवरीच्या पायरीवर आला. ताटात दोन्ही नारळ. ताट जरा कललं तरी नारळ एकमेकांवर आपटून टकटक आवाज येत होता, आणि लिंबाखाली इतकं शांत होतं की तो सगळ्यांना ऐकू येत होता. दोन्हीकडच्या काठ्या जमिनीवरनं उचलल्या गेल्या, वीतभर. तीन वर्षांमागं अशाच उचलल्या होत्या. त्यानं उगवतीला बघितलं, मावळतीला बघितलं, आणि तो थांबला. त्या होळीला थांबला होता तसाच.

भिंतीच्या आडोशाला बायकांत बसलेली झुंबरबाई उठली.

ती पुढं आली नाही. आधी देवळामागं गेली. बायकांना वाटलं, बघवत नाही म्हणून गेली. पण ती परत आली तेव्हा तिच्या हातात खराटा होता. पदर खोचून ती लिंबाखालनं झाडत निघाली.

"सरा जरा," ती म्हणाली. "पाय घ्या मागं. किती ह्यो पाचोळा. सकाळी झाडलं हुतं, बघा काय केलंय."

आता झाडणारी बाई आली की माणूस पाय मागं घेतो. विचार करून घेत नाही, घेतो. आप्पासाहेबांनी जोडे मागं घेतले. श्रीमंत पाटलांनी धोतराचा सोगा उचलला. मध्ये वाट झाली. झुंबरबाई त्या वाटेनं वाकून झाडत झाडत ओवरीच्या पायरीपर्यंत आली, नवऱ्याच्या अंगावरनं गेली, खराटा पायरीशी उभा केला, हात लुगड्याला पुसले आणि पंतांपुढं जाऊन उभी राहिली.

"रावसायेब, माजं नाव बगा. झुंबरबाई."

पंतांनी लगबगीनं पानं उलटली. "झुंबरबाई. नवऱ्याचं नाव?"

"त्ये काय, ताट धरून हुबं हायेत."

तेवढ्यातही बायकांच्यात खसखस पिकली. पंतांनी गोरक्षनाथाकडं बघून नाव जुळवलं, खूण केली आणि चिठ्ठी दिली. झुंबरबाई कांबळ्याआड गेली. आत किती वेळ लागला कुणास ठाऊक; गोरक्षनाथाला तो फार वाटला. ती बाहेर आली, चिठ्ठीची घडी तिनं पुन्हा एकदा बोटानं दाबली आणि पेटीत टाकली. रिकाम्या पेटीत कागद पडल्याचा आवाज आला.

"गुरवीण," आप्पासाहेब म्हणाले, "ह्ये काय केलंस?"

"झाडलं, आप्पासायेब."

"त्ये न्हाई. पैली चिठ्ठी टाकलीस."

"टाकली." तिनं खराटा पुन्हा हातात घेतला. "रोज ह्या देवळात पैलं पाऊल कुनाचं पडतंय? माजं. तुमच्या आदी, ह्यांच्या आदी, देव उटायच्याबी आदी. एवडी वर्सं झाली, कुनी आलं न्हाई मला म्हनाया की गुरविनी, ह्यो मान आमचा. झाडलोट हाय ती. ती आदी हुती, मग तुमची पूजा. झालं, झाडून झालंय. आता काय मान काडायचा त्यो काडा."

ती पुढं म्हणाली, "आन हाच पैला मान असंल, तर उद्या पहाटं दोगंबी या. मी खराटं दोन आनून ठिवते. गावात सगळं दोन-दोन हायच."

हसू आधी भिंतीपलीकडनं आलं, बायकांकडनं. मग बलुतेदारांत पसरलं. श्रीमंत पाटलांच्या मागं उभ्या असलेल्या एकानं मिशीत दाबायचा प्रयत्न केला आणि ते नाकातनं बाहेर आलं. आसाराम परीट उठला, ढुंगणाची धूळ झटकली आणि म्हणाला, "पाटील, धुनं बी पूजेच्या आदीच असतंय न्हवं? का मागनं?" आणि उत्तराची वाट न बघता ओवरी चढला.

मग कुंभार चढला. मग रस्त्यापलीकडनं सटवा आला, पलटणीतल्यासारखा पाय जुळवून पंतांपुढं उभा राहिला आणि त्यानं आपलं नाव बापाच्या नावासकट मोठ्यानं सांगितलं. ओवरीच्या पायरीवर त्याच्या जातीच्या माणसाचं पाऊल गावानं याआधी बघितलं नव्हतं. पण तोवर पटकेवाले दोघं एकमेकांकडं बघण्यात इतके गुंतले होते की त्याच्याकडं कोण बघतो. ज्यांना मान नव्हता त्यांची ओळ लागली. मानवाले उन्हात.

शेवटी अंबिकाबाईंनी पाटावरनं हाक मारली. "आप्पा, तुजा मान ठरंस्तवर माजं पाय आकडलं. मला न्ये आत." आईला धरून न्यायला लेकच लागतो. आप्पासाहेबांनी आईला ओवरीत नेलं, तिची चिठ्ठी झाली, आणि इतक्या जवळ आल्यावर स्वतःची टाकल्याशिवाय माघारी फिरायचं तर तेही बरं दिसेना. कडुलिंबाचा पाला चावल्यासारखं तोंड करून त्यांनी टाकली.

श्रीमंत पाटील मात्र हलेनात. त्यांच्या पातीतल्या माणसांना त्यांनी जाऊ दिलं, बायकांना जाऊ दिलं. स्वतः लिंबाला टेकून बसून राहिले. "पंगतीत यजमान शेवटी जेवतो," ते म्हणाले. "मी शेवटी टाकीन." हे ऐकून आप्पासाहेबांना घाईनं टाकल्याचा पस्तावा झाला असावा, ते घरी न जाता पलीकडच्या पारावर बसून राहिले.

दिवस कलला. ओळ संपली. श्रीमंत पाटलांनी चौफेर बघितलं, कुणी उरलं नाही याची खात्री करून घेतली आणि पटका सावरत, सावकाश, सगळं गाव बघेल असे ओवरी चढले. चिठ्ठी टाकली. खाली उतरून त्यांनी मिशीवरनं हात फिरवला.

यज्ञेश्वरपंत यादीवरनं बोट फिरवत होते. बिचाऱ्यांना गावची रीत कळायला एक दिवस पुरेसा नव्हता. "गोरक्षनाथ गुरव," त्यांनी वाचलं. "तुम्ही राहिलात की."

लिंबाखालची सगळी डोकी ओवरीकडं वळली. गोरक्षनाथ अजून ताट धरूनच उभा होता. दिवसभर तो ते एका हातातनं दुसऱ्या हातात घेत होता, खाली ठेवायचं सुचलंच नव्हतं. त्यानं बायकोकडं बघितलं. झुंबरबाईच्या हातात आता खराटा नव्हता, आणि असता तरी दुसऱ्यांदा तो उपयोगी पडला नसता. तिनं 'ऱ्हाऊ द्या सायेब' एवढं म्हटलं असतं तरी भागत होतं. एक मत गेलं असतं, काठ्या जागच्या जागी राहिल्या असत्या. तिनं फक्त त्याच्या हातातनं ताट घेतलं.

"गोरख," श्रीमंत पाटील म्हणाले, "तू ऱ्हायला हुतास व्हय रं?"

"व्हय पाटील." तोंडातनं वारा निसटला. "भ्यानं इसरलोच."

श्रीमंत पाटील त्याच्याकडं बघत राहिले. त्याच्या डोळ्यांकडं नाही, तोंडाकडं. जिथं दात नव्हते तिथं. मग त्यांनीच नजर काढली आणि हातातली काठी काखेत घेतली.

"टाक बाबा," ते म्हणाले. "तुजी बी टाक."

गोरक्षनाथ कांबळ्याआड गेला आणि चिठ्ठी टाकून बाहेर आला. पारावरनं आप्पासाहेबांचं हसणं ऐकू आलं, पण श्रीमंत पाटलांनी मागं वळून बघितलं नाही. ते घराकडं चालते झाले. त्या सालच्या खळ्यावर धाकट्या पातीकडनं गुरवाचं बलुतं आलं, नेहमीपेक्षा कमी आलं, पण आलं. थोरल्या पातीकडनंही कमीच आलं. आप्पासाहेबांनाही ती झाडलोट पुरती विसरता आली नसावी.

पंतांनी पेटीच्या फटीवरही लाख लावली, पेटी गाडीत ठेवली आणि जाताना झुंबरबाईला हात जोडले. तिला ते कशासाठी ते नीट कळलं नाही. "पानी पिऊन जावा," ती म्हणाली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर गोरक्षनाथानं दोन्ही नारळ पायरीवर फोडले आणि खोबरं एकाच ताटात मिसळलं. कुठला तुकडा कुठल्या वाड्यावरचा ते आता मारुतीलाही सांगता आलं नसतं. पार, भिंत, रस्ता असा तो सगळीकडं वाटत गेला. परत आला तेव्हा ताटात दोन तुकडे उरले होते. एक झुंबरबाईला दिला, दुसरा त्यानं दाढेत धरला.

"अगं," तो चघळत म्हणाला, "नांगरावर मारलास का दिव्यावर?"

"सांगनार न्हाई."

"मला बी?"

"तुमाला तर मुळीच न्हाई. तुमच्या तोंडातनं निसटून गावभर हुईल. आडवायला दात कुटं हायेत."

तो हसला. पोकळ जागेतनं, वारा निसटत, बराच वेळ हसला. पुष्कळ दिवसांनी हसला. झुंबरबाईनं ओवरीच्या आढ्याकडं बघितलं, धडप्यात गुंडाळलेली सनई होती तिथं होती; मग तिनं नजर खाली घेतली आणि आंगण बघितलं. शेकडो पावलांनी ते तुडवलं गेलं होतं. विड्यांची थोटकं, पाचोळा, नारळाच्या शेंड्या.

दिवा लागल्यावर झाडायचं नसतं, लक्ष्मी जाते. ऊन लिंबाच्या शेंड्यावर होतं, म्हणजे अजून थोडा वेळ होता. तिनं पदर खोचला, खराटा घेतला आणि बुंध्याशी वाकली.

"पाय घ्या जरा मागं," ती नवऱ्याला म्हणाली.